दोन घरच्या गोळ्या

भडगावकडच्या चार-पाच खेड्यांत लग्न ठरलं की मुहूर्ताआधी एक गोष्ट विचारली जायची: द्रौपदाबाई मोकळी आहे का? नवरदेव तासभर उशिरा आला तर लोक चालवून घ्यायचे. पण मांड्यांच्या पंगतीला द्रौपदाबाईचा हात नसला तर व्याह्यांसमोर नाक खाली व्हायचं.

खानदेशात पुरणाची पोळी पोळपाटावर संपत नाही. ती लाटून झाली की हातावर घ्यायची, मनगटापासून कोपरापर्यंत, या हातावरून त्या हातावर खेळवत खेळवत वाढवायची आणि सुपाएवढी झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायची. तो मांडा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते विचारतात, "म्हणजे रुमाली रोटीसारखं का?" त्यांना हो म्हणावं आणि ताट पुढे करावं. जेवणाऱ्या माणसाशी वाद घालू नये.

द्रौपदाबाई मूळची अमळनेरची. बाप तेलाच्या गिरणीत हमाल होता. चौदाव्या वर्षी लग्न होऊन रुपचंदच्या घरात आली तेव्हा तिला साधी भाकरी धड येत नव्हती. सासूने तिला मांडे शिकवले, म्हणजे शिव्या दिल्या. फाटलेला प्रत्येक मांडा तिलाच खायला लागायचा आणि पहिल्या वर्षी ती चांगलीच अंगाने भरली, असं ती स्वतःच हसत सांगायची. पुढे सासूचा हात थकला आणि हिचा बसला. घरी मांडे झाले की खापरावरून उतरलेला पहिला मांडा ती मधोमध दुमडून दोन सारखे भाग करायची आणि एकाच ताटात लोटन आणि यादव या दोन्ही पोरांना बसवायची. अर्धा याचा, अर्धा त्याचा. त्यात एका बोटाचा फरक पडला तर घर डोक्यावर घ्यायचे दोघंही.

पोरं मोठी झाली. लोटन जळगावला शाळेत मास्तर झाला, यादव धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागला. आणि मग शहाण्णव सालच्या थंडीत रुपचंद धुळ्याला धाकट्याकडे चार दिवस राहायला म्हणून गेला, तो परत आला नाही. सकाळी छातीत कळ आली, यादवने त्याला रिक्षात घालून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, दुपारपर्यंत सगळं आटोपलं. संध्याकाळी लोटन जळगावहून पोचला. बापाचं तोंड बघायच्या आधी तो दारातच म्हणाला, "जळगावला आणलं असतं तर आबा वाचले असते."

यादव म्हणाला, "तू कव्हय लई गयथा त्यासले?" म्हणजे तू कधी नेलं होतंस त्यांना जळगावला?

झालं. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. निरोप असला तर बायकांच्या तोंडून. बाप कशाने गेला हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण कोणाच्या डॉक्टरमुळे गेला हे दोघांनाही अगदी पक्कं ठाऊक होतं. माणसं अशीच असतात. दुःख पेलत नाही, तेव्हा ती भांडण उचलतात. ते हलकं असतं.

वर्षभराने खेड्यातलं घर बंद झालं आणि आईची वाटणी झाली. दिवाळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जळगावला, आखाजी ते दिवाळी धुळ्याला. द्रौपदाबाईला कोणी विचारलं नाही. तिनेही तक्रार केली नाही. पोरं बोलत नसली तरी आई दोघांची एकच आहे, तेवढा तरी धागा राहू दे, असं तिने मनाशी धरलं. तो धागा आपल्याच गळ्याला काचणार आहे हे तिला कुठून कळणार?

जळगावला गेल्या गेल्या लोटनने तिच्या तब्येतीचा ताबा घेतला. आबांच्या बाबतीत धाकट्याने जे केलं नाही ते मी आईच्या बाबतीत करून दाखवतो, असा सगळा नूर. रक्त तपासलं. चरबी भरपूर निघाली. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगणारे होते. फक्त ते सगळं लोटनकडे बघून सांगत होते. आई बाजूच्या स्टुलावर बसली होती, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

"खाण्यातून येते ती चरबी थोडीच असते," डॉक्टर म्हणाले. "बाकीची आपलं लिव्हरच तयार करतं, आणि रात्री जास्त करतं. ही नवीन गोळी लिव्हरचं ते काम अडवते. मग लिव्हरला चरबी कमी पडते आणि ते रक्तातली ओढून घेतं. म्हणून रोज रात्रीच्या जेवणाबरोबर एक. कायमची. आणि एक लक्षात ठेवा, मास्तर. क्वचित कोणाला ही गोळी स्नायूंना बाधते. दंड, पोटऱ्या, पाठ विनाकारण दुखायला लागली, हातातली ताकद गेल्यासारखी वाटली, तर गोळी बंद करून लगेच आणा यांना."

इन्स्पेक्टरसमोर मान हलवावी तशी लोटनने मान हलवली. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय सांगं रे डॉक्टरनी?"

"तुझ्या पोटातच चरबी तयार होते, माय. रात्री. म्हणून रोज रात्री एक गोळी. कायमची."

बाकीचं त्याने गिळलं. मुद्दाम नव्हे. वर्गात ऱ्हस्व-दीर्घाचे नियम दहा-दहा वेळा सांगणारा हा माणूस. आईला उरलेली दोन वाक्यं सांगावीत असं त्याला वाटलंच नाही. द्रौपदाबाईच्या ध्यानात राहिली ती एवढीच गोष्ट, की आपल्या पोटात अमळनेरसारखी तेलाची गिरणी आहे आणि ती रात्रपाळीला चालते. याची तिला गंमतही वाटली. तूप सोडलं, तळलेलं सोडलं, शेंगदाण्याची चटणीसुद्धा सोडली, आणि ही मेली गिरणी आतल्या आत चालूच.

आखाजीला ती धुळ्याला गेली. पिशवीतली गोळ्यांची पट्टी यादवच्या हाती लागली.

"हाई कोणी दिधी?"

"लोटनना डॉक्टरनी."

यादवचा चेहरा उतरला. आठ दिवसांत त्याने रजा टाकली आणि आईला आपल्या डॉक्टरांकडे नेलं. त्याच डॉक्टरांकडे, जिथे रुपचंद गेला होता. द्रौपदाबाई तिथल्या बाकड्यावर बसली. पुन्हा रक्त काढलं. या डॉक्टरांना चरबीचा दुसराच एक प्रकार वाढलेला दिसला. त्यांनी सरळ विचारलं, "आधी काही औषध चालू आहे का?"

"काहीच नही, साहेब," यादव म्हणाला.

द्रौपदाबाईने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं. परक्या माणसासमोर पोटच्या पोराला खोटं पाडायचं? डॉक्टरांनी दोन वेळची कॅप्सूल लिहून दिली, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. घरी येताना यादव म्हणाला, "माय, ती जळगावनी गोळी आते बंद. हाई तुले बरी शे."

"हा," ती म्हणाली.

आता तिने जे केलं ते ऐकून कोणी तिला अडाणी म्हणेल. म्हणू दे. आमच्याकडे दोन भाऊ एका गावात असले आणि पाहुणा आला, तर एकाकडे जेवून दुसऱ्याकडे नुसतं पाणी पिऊन जाता येत नाही. वर्षभर ऐकावं लागतं. थोरल्याकडे अर्धी भाकरी, धाकट्याकडे अर्धी. पोट फुटलं तरी चालेल, पण मन फुटायला नको. रुपचंदने जन्मभर हेच केलं होतं. द्रौपदाबाईने गोळ्यांनाही तोच नियम लावला. लोटनची गोळी सोडली तर लोटनचा डॉक्टर खोटा ठरला. यादवची कॅप्सूल सोडली तर आबांना यादवने मारलं, हे तिने स्वतः मान्य केल्यासारखं झालं. म्हणून तिने दोन्ही खाल्ल्या.

सोयही आपोआप झाली. जळगावहून धुळ्याला येणारं कोणी ना कोणी असायचंच. लोटन त्याच्याबरोबर पट्ट्या पाठवायचा आणि निरोप: माय गोळी घेते ना? ती म्हणायची, घेते. ते खरं असायला हवं ना? मग रात्री जेवून उठल्यावर चूळ भरायला म्हणून ती मोरीत जायची आणि कमरेच्या पिशवीतली गोळी तिथेच घ्यायची. दिवाळीनंतर जळगावला गेली की मोरीत कॅप्सूल. यादवच्या ओळखीचा कंडक्टर त्या आणून द्यायचा. दोन्ही घरच्या मोऱ्या तिला पाठ झाल्या. आणि दोन्ही पोरं मनातल्या मनात जिंकलेली.

त्या थंडीत जळगावला तिचं अंग दुखायला लागलं. आधी पोटऱ्या. मग दंड. कामाने अंग दुखतं ते तिला ठाऊक होतं. पंधरा पायल्यांचे मांडे केल्यावर दुखायचं, आणि झोप झाली की जायचं. हे तसं नव्हतं. काही न करता दुखायचं. जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागायची. वेणी घालायला हात वर केला की मधेच खाली यायचा, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

तिने लोटनला सांगितलं. लोटन वह्या तपासत होता. "माय, तुझं वय बासष्ट आहे," तो मान वर न करता म्हणाला.

थोरली सून कुंदाबाई मायेची होती. तिने तिळाचं तेल गरम करून चोळलं, शेक दिला, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून दिली. ही तिसरी. शेजारची म्हणाली, वात आहे. समोरची म्हणाली, उसण भरली. कोणी वांगं बंद करायला सांगितलं, कोणी हरभऱ्याची डाळ. एकानेही विचारलं नाही की बाई, तुझ्या पोटात जातंय तरी काय. डॉक्टरांकडे परत नेण्याजोगं हे दुखणं कोणालाच वाटलं नाही. म्हातारीचं दुखणं म्हणजे घरातल्या भिंतीला पडलेली चीर. दिसते सगळ्यांना, बघत कोणी नाही.

द्रौपदाबाई चिडायला लागली. आयुष्यात ती चिडकी नव्हती, पण आता ताक सांडलं तरी तिला रडू यायचं. एका दुपारी घरात कोणी नसताना तिने थोडी कणीक भिजवली, तिंबली, एक लाटी लाटली आणि हातावर घेतली. दोन फेरे झाले आणि दंड थरथरायला लागला. पोळी कोपरावरून घसरून तिच्या पायावर पडली. ती तिथेच बसली आणि उजव्या हाताने डाव्या दंडाला फटका मारला. मग डाव्या हाताने उजव्याला. "काय व्हयनं तुमले?" ती हातांना म्हणाली. "जनमभर खायं-पियं, आते काबरं हराम व्हयनात?"

घाई होती म्हणून एवढा त्रागा होता. यादवच्या मुलीचं, छायाचं, लग्न ठरलं होतं, धुळ्याला, आखाजीच्या आठवड्यात. छायाने मागच्या दिवाळीतच आजीला बजावून ठेवलं होतं, "आजी, मना लगीनमा पहिला मांडा तुना हातना." आणि दुसरी गोष्ट छायाला ठाऊक नव्हती. पुतणीच्या लग्नाला काका आल्याशिवाय राहत नाही. लोटन येणार होता. अडीच वर्षांनी दोन्ही भाऊ एका मांडवात. द्रौपदाबाईने ठरवून ठेवलं होतं की पहिला मांडा खापरावरून उतरवायचा, मधोमध दुमडायचा, आणि एकच ताट वाढून दोघांना हाक मारायची. बघू कोण उठून जातो. आईने वाढलेल्या ताटावरून उठायची दोघांचीही हिंमत नव्हती, हे ती जाणून होती. सगळं त्या एका मांड्यावर होतं. आणि हात ऐकत नव्हते.

ती आखाजीच्या आधीच धुळ्याला आली. तोवर लघवीचा रंगही बदलला होता, कोऱ्या चहासारखा. उन्हाळा आहे, पाणी कमी पडतंय, असं तिने स्वतःला सांगितलं. अशी गोष्ट सुनेला सांगायची कशी, आणि पोरांना तर कशीच नाही.

हळदीच्या दिवशी धुळ्याच्या देवपुरातल्या यादवच्या घरामागे चुली मांडल्या. गावाकडून पार्वताबाई आली होती. द्रौपदाबाईची जुनी जोडीदारीण, वीस वर्षं दोघींनी एका चुलीवर काम केलेलं. पुरण शिजलं, वाटलं. कपाशीच्या काड्यांचा जाळ लागला, खापर तापलं. बायका मागे सरकल्या. छाया पुढे येऊन बसली. लोटन त्याच दुपारी जळगावहून आला होता. तो अंगणाच्या एका टोकाला, यादव दुसऱ्या टोकाला, दोघेही पत्रावळ्यांकडे बघण्यात फार गुंतलेले.

द्रौपदाबाईने लाटी हातावर घेतली. पहिला फेरा नीट गेला. दुसरा गेला. पोळी पसरायला लागली, बायकांच्या तोंडून कौतुकाचा सूर निघाला, आणि तिसऱ्या फेऱ्याला तिचे दोन्ही हात कोपरातून खाली आले. पोळी खापराच्या कडेवर पडली, फाटली, पुरण राखेत गेलं. जळक्या गुळाचा वास सुटला. पार्वताबाईने तिला हळूच बाजूला केलं आणि म्हणाली, "सरक अक्का. व्हस अशी."

होतं असं, म्हणे. यापेक्षा कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. द्रौपदाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली. मागे पार्वताबाईचे मांडे भराभर उतरत होते आणि बायका पुन्हा गप्पांना लागल्या होत्या.

दिवेलागणीला पहिली पंगत बसायची वेळ झाली. दिवसभर उपाशी राहिलेल्या सासूला जेवायला घालू म्हणून धाकटी सून सुनंदाबाई आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात कॅप्सूल. "आत्याबाई, जेवणना पहिले हाई ल्या."

तेवढ्यात कुंदाबाई आली. तिच्याही हातात पेला. "आत्याबाई, गर्दीत तुमची गोळी राहून जाईल. जेवल्यावर घ्या, इथे ठेवते."

दोघी जावा एकमेकींच्या हाताकडे बघत राहिल्या. सुनंदाबाई म्हणाली, "हाई तर कव्हयनी बंद करेल शे ना?" कुंदाबाई म्हणाली, "आणि ही कॅप्सूल कसली?" द्रौपदाबाई दोन्ही पेल्यांकडे बघत होती. दोन घरच्या मोऱ्यांत वर्षभर जपलेलं गुपित भर मांडवात दोन सुनांच्या मायेने उघडं पाडलं होतं.

आवाज ऐकून भाऊ आले. अडीच वर्षांनी ते एकमेकांशी बोलले, आणि बोलले ते हे.

"कोणाला विचारून तिची गोळी बंद केलीस?"

"तुना डॉक्टरनी गोळीनीच तिना हातपाय गयात."

"तुझ्या डॉक्टरने आबांना घालवलं, आता आईला घालव."

पाहुणे बघत होते. छाया हळदीच्या साडीत दारात उभी होती. द्रौपदाबाईला दोघांच्या मधे जाऊन उभं राहायचं होतं. तिने जमिनीला हात टेकला आणि जोर केला. पाय उठलेच नाहीत. पुन्हा केला. ती कुशीवर कलंडली. सुनांनी तिला धरून मोरीकडे नेलं, आणि तिथून सुनंदाबाई लघवीचा रंग बघून घाबरीघुबरी बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, रिक्षा आणा, आत्ता.

धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि रक्त काढायला सांगितलं. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी दोन्ही मुलांना आत घेतलं.

"ही गोळी एकटी असती तर हजारांत एखाद्याला असा त्रास होतो," ते म्हणाले. "ही कॅप्सूल एकटी असती तरी सहसा निभावतं. दोन्ही एकत्र गेल्या की धोका कितीतरी पटींनी वाढतो. का वाढतो ते अजून नीट कळलेलं नाही, पण वाढतो हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर मी विचारलं होतं. स्नायू आतून तुटायला लागतात. तुटलेल्या स्नायूंचा तो रंग लघवीत उतरतो आणि तो गाळता गाळता किडन्या बसतात. आणखी आठवडा गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो."

"आम्हाले काय माहीत, साहेब," यादव म्हणाला.

"विचारलं तेव्हा तुम्ही 'काहीच नाही' म्हणालात."

यादवने मान खाली घातली. लोटनला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्याला जळगावच्या डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं. दंड, पोटऱ्या, हातातली ताकद. त्याने ते वाक्य आत्ताही कोणाला सांगितलं नाही. मास्तरांना चूक लाल शाईने दाखवायची सवय असते. स्वतःच्या चुकीसाठी त्यांच्याकडे शाई नसते.

गोळ्या दोन्ही बंद झाल्या. सलाईनवर सलाईन लागली. छायाचं लग्न झालं तेव्हा आजी दवाखान्यात होती. निघताना छाया शालूतच आली आणि डबा उघडून मांड्याचा तुकडा आजीच्या तोंडात घातला. द्रौपदाबाईने चावला, गिळला.

"पार्वताना हातना?"

"हा, आजी."

"जाड शे," द्रौपदाबाई म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. नात समजली, आजी आपण सासरी चाललो म्हणून रडते आहे. बरं झालं तसं समजली ते.

जीव वाचला. किडन्या शाबूत राहिल्या. महिनाभरात ती भिंत न धरता उठायला लागली, वेणीही जमायला लागली. पण रक्तातली चरबी काही कोणाचं भांडण बघून कमी होत नाही. औषध पुन्हा लागणार होतं, कोणतं तरी एकच, आणि एकाच डॉक्टरच्या नजरेखाली. झालं. घरी पुन्हा सुरू. लोटन म्हणे, आता तिला कायमची जळगावला नेतो. यादव म्हणे, वाचवलं ते धुळ्याच्या डॉक्टरांनी. आईच्या खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून दोघे तिच्या अंगावरून बोलत होते. न बोलणारे भाऊ बोलायला लागले होते. तिला हवं होतं ते झालं होतं, आणि कान किटून गेले होते.

"मी माहेरले जास," द्रौपदाबाई म्हणाली.

दोघे थांबले. माहेरी आता कोण होतं तिचं? भाऊ कधीच गेला, भाचे सुरतेला.

"अमळनेरले डॉक्टर शेतस ना? तठेच दखाडस मी. तू जळगावतून ये, तू धुळातून ये. दोन्ही जण या. एक जण उना तर मी दवाखानानी पायरी चढाव नही."

समजावून बघितलं, रागावून बघितलं, कुंदाबाईकडून सांगवून बघितलं. म्हातारी हटली नाही. इतकी वर्षं तिने अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं होतं. आता पोरांनी अर्धी अर्धी वाट चालावी. शेवटी एका मंगळवारी जळगावची एसटी आणि धुळ्याची एसटी अमळनेरच्या स्टँडवर थोड्या अंतराने लागल्या. लोटनच्या हातात रिपोर्टची फाईल होती, यादवने आईला हाताला धरून उतरवलं. तिघं दवाखान्यापर्यंत चालत गेले. वाटेत बाप जिथे पोती उचलायचा ती तेलाची गिरणी लागली. आता ती बंद होती.

डॉक्टर तरुण होते. मधल्या खुर्चीवर आई, दोन बाजूंना दोन मुलगे. त्यांनी सवयीप्रमाणे लोटनकडे बघितलं आणि विचारलं, "काय त्रास आहे यांना? आधी काय औषधं चालू होती?"

लोटनने फाईल उघडली. यादव पुढे सरकला. दोघांनी एकदमच तोंड उघडलं.

द्रौपदाबाईने हात वर केला. हात थोडा थरथरला, पण वर राहिला. मग तिने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातली गोळ्यांची पट्टी काढून लोटनच्या पुढ्यात ठेवली, कॅप्सूलची यादवच्या पुढ्यात. दोन्ही अर्ध्या संपलेल्या.

"हाई यानी," ती डॉक्टरांना म्हणाली. "हाई त्यानी." मग दोन्ही हात तिने टेबलावर उताणे ठेवले, मनगटापासून कोपरापर्यंत. "आनि हात मना शेतस. मले इचारा."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "कधीपासून दुखतात, आजी?"

दोन्ही मुलगे गप्प बसले, आणि ती सांगायला लागली.